आशा ब्युटी पार्लर आणि पद्मजाची सही

मी, श्रीमती आशाबाई नानासाहेब पठाडे, वय ६९ वर्षे, धंदा ब्युटी पार्लर, राहणार चिकलठाणा, छत्रपती संभाजीनगर, माझ्या मागे काय कोणाकडे जावे हे या कागदावर लिहून ठेवते. माझी बुद्धी ठिकाणावर आहे. दात ठिकाणावर नाहीत, ते यंदा सगळे काढले आणि कवळी बसवली. पण दातांवाचून मृत्युपत्र अडत नाही असे वकीलसाहेब म्हणतात. मला कोणी फूस लावलेली नाही, धमकावलेले नाही. मला धमकावणारे माणूस माझ्या सासरी जन्मले नाही आणि माहेरीही नाही.

१. मागच्या दिवाळीनंतर मी एक मृत्युपत्र केले होते. त्यात पार्लरचा गाळा मुलगा बन्सी याला दिला होता आणि त्याची मुलगी, म्हणजे माझी नात मनकर्णा, हिला पावडरचा डबासुद्धा ठेवला नव्हता. ते रागात केले होते. राग कशाचा ते पुढे येईल. ते मृत्युपत्र आजपासून रद्द. त्याची प्रत बन्सीने कपाटात जपून ठेवली आहे, ती त्याने वकीलसाहेबांसमोर फाडावी.

२. राहते घर बन्सी आणि सूनबाई या दोघांच्या नावे सारखे. सूनबाईचे नाव मुद्दाम घातले आहे, कारण माझ्या सासऱ्यांनी माझे कशातच घातले नव्हते. करमाडच्या जमिनीत आमच्या मालकांच्या वाट्याचे जे माझ्या नावावर आले, ते बन्सीला. त्यावरून त्याने चुलत्यांशी कोर्टकचेरी करू नये.

३. माझ्या नणंद वच्छलाबाई यांना दांडीचा गोल आरसा द्यावा. मी पार्लर काढले तेव्हा करमाडच्या एका लग्नात चार बायकांत त्या म्हणाल्या होत्या, "पाटलाची सून लोकायच्या बायांच्या मिशा काढती, आता काय राह्यलं?" पुढे त्यांच्या दोन्ही मुलींच्या लग्नाआधी वरच्या ओठाची लव मीच काढली, मागच्या दाराने बोलावून. आरसा चांगला आहे, त्यांनी रोज वापरावा.

४. आता पद्मजा. सौ. पद्मजा मधुसूदन सेलूकर, राहणार सिडको. तिला मी काहीच देत नाही, पण तिच्यावाचून पुढची कलमे कळणार नाहीत.

ती आणि मी औरंगपुऱ्यात एकाच बाईंकडे हे काम शिकलो. त्या वेळी कोणी कागद विचारत नव्हते, हात बघत. तिने सिडकोत दुकान टाकले, मी चिकलठाण्यात, आणि दोघींचे बरे चालले होते. मग सर्टिफिकेटचा कोर्स निघाला. त्याला दहावी पास पाहिजे. ती मॅट्रिक झालेली, मी चौथी. ती जाऊन शिकून आली, सर्टिफिकेट काचेत घालून भिंतीवर लावले, आणि माझ्याकडच्या बायका मला सांगू लागल्या, "सिडकोतल्या बाईकडं सरकारी कागद हाय म्हनं." त्याच महिन्यात पद्मजा माझ्या दुकानात आली आणि दोन गिऱ्हाइकांसमोर मला म्हणाली, "आशा, तू बाहेरून दहावीला बस. मी येते शिकवायला." गिऱ्हाइकांसमोर! त्यानंतर मी तिला माझी पायरी चढू दिली नाही.

मी तिच्यावर जळते. वकीलसाहेब म्हणाले, "आशाबाई, हा शब्द दस्तात शोभत नाही." मी म्हटले, नसेल शोभत, पण खरा आहे, लिहा. तिने सजवलेली नवरी मांडवात आली की मी अक्षता हातात धरून आधी तिच्या भुवया बघते, चूक शोधते. चूक सापडत नाही. एखादी जरी सापडली असती तरी मी सुखाने मेले असते. तिचा आता मोठा क्लास आहे. तिच्या सहीचे सर्टिफिकेट असले की मोठे सलूनवाले मुलीला लगेच ठेवून घेतात, बँकही कर्जासाठी दारात उभे करते. माझ्या हाताखालून शिकून गेलेल्या मुली आता तिच्याकडे सही आणायला जातात.

५. मनकर्णाही गेली. तिला मी शिकवले होते. भुवया कोरताना दोऱ्याचे एक टोक दातात धरायचे, दुसरे बोटांत, आणि मान किती मागे न्यायची ते दोऱ्याच्या ताणावरून कळते. हे पुस्तकात नाही. तरी ती म्हणाली, "आजी, तुझ्या नावावर धंदा व्हता, माझ्या नावावर कसा व्हईल? आता कागदाशिवाय कोन इचारतंय?" मी गिळले आणि जाऊ दिले. मग घरात सकाळ-संध्याकाळ मॅडमचे पुराण. मॅडम म्हणतात कंगवा दरवेळी औषधाच्या पाण्यात बुडवायचा. मॅडम म्हणतात ब्लीच आधी कानामागे लावून एक दिवस थांबायचे. थांबायचे! गिऱ्हाईक लग्नाच्या आदल्या दिवशी येते. मला ती आजी म्हणते आणि तिला मॅडम. कोणाला कोणता मान, ते मला तेव्हाच कळले.

मागच्या दिवाळीच्या आधी क्लासची परीक्षा झाली. त्यात पास झाल्याशिवाय सरकारी परीक्षेला बसू देत नाहीत. तिथे दोरा तोंडात धरायला मनाई आहे, थुंकी लागते म्हणून. एक टोक गळ्याभोवती अडकवायचे. मनकर्णाला दोन्ही येते. पण परीक्षेच्या खुर्चीत बाई बसली, मनकर्णाने रीळ घेतले, आणि सवयीने दोरा दातात धरला. माझ्या सवयीने. पद्मजाने तिथल्या तिथे नापास केले.

पोरगी रडत घरी आली. मी म्हटले, "तिनं तुला नाय, मला नापास केलं. पुन्हा त्या पायरीला गेलीस तर या दुकानात पाय ठेवू नको." ती पुन्हा गेली. म्हणून ते मागचे मृत्युपत्र.

६. ते का बदलले, हे बन्सीला माहीत असावे म्हणून लिहिते.

गेल्या महिन्यात करमाडच्या सारजाबाई त्यांच्या मुलीला घेऊन आल्या. दुसऱ्या दिवशी हळद. माझे दात काढल्यापासून मनकर्णा, मी नको म्हटले तरी, पुन्हा दुकानात येऊ लागली होती. ती म्हणाली, "आजी, तू सरक, मी करते." मी म्हटले, करमाडची नवरी माझ्या हाताखालून जाते. दोरा दातात धरला, मान मागे नेली, आणि कवळी वर उचलली गेली. ताण सुटला, दोरा घसरला, डाव्या भुवईचा अर्धा भाग गेला. दोष कवळीचा आहे. ती ज्याने बसवली त्या डॉक्टरचे नाव वकीलसाहेब लिहू देत नाहीत.

नवरी आरशात बघून किंचाळली. सारजाबाई पदर खोचून उभ्या राहिल्या, "आता काय अर्ध्या भुवईनं उभी करू का पोरीला?" मनकर्णाने फोन केला. कोणाला केला ते मी विचारले नाही. रिक्षातून पद्मजा उतरली. केस पांढरे झालेत तिचे, रंगवत नाही, तेही तिला शोभते. माझ्याकडे न बघता तिने नवरीची हनुवटी उचलली, बारीक ब्रशने एकेक केस रंगवावा तशा रेघा ओढल्या, मग ब्रश मनकर्णाच्या हातात दिला आणि म्हणाली, "आता उरलेलं तू. उद्या आणि परवा तुलाच जायचंय हिच्याबरोबर."

सारजाबाईंना ती म्हणाली, "दोरा कोणाचाही निसटतो. माझाही निसटलाय."

खोटे बोलली. तिचा कधीही निसटलेला नाही. तिच्या कामावर माझ्याइतकी नजर कोणी ठेवली आहे?

मनकर्णा रेघा काढत होती आणि पद्मजा तिच्या मनगटाकडे बघत होती. जाताना दारात मला म्हणाली, "आशा, हात तुझ्यावर गेलाय हिचा. म्हणून मागच्या परीक्षेत हिला तशीच पास केली नाही. तोंडातला दोरा सोडून दे म्हणावं, मग मला हिला अडवायला काही उरत नाही." मी तिला चहासुद्धा विचारला नाही. तिच्या चेहऱ्यावर त्याचेही काही दिसले नाही, आणि त्या रात्री मला फार जळजळ झाली.

७. तरी आशा ब्युटी पार्लरचा गाळा, खुर्च्या, वाफेचे मशीन, कात्र्या आणि बाकी सर्व सामान मी माझी नात मनकर्णा बन्सी पठाडे हिला देते. अट एकच. तिने क्लासची ती परीक्षा पास करावी आणि पुढची सरकारीही करावी. मला जी पायरी चढता आली नाही, ती हिने चढल्याशिवाय किल्ली मिळणार नाही. तोपर्यंत बन्सीने गाळा मोबाईलवाल्याला भाड्याने देऊ नये. ती पुन्हा नापास झाली तर पुन्हा बसेल, गाळा थांबेल.

सर्टिफिकेट भिंतीवर लावायला माझी हरकत नाही. पण माझ्या फोटोच्या खाली लावावे. पाटीवरचे नाव बदलू नये, आणि पाटीवर मॅडमच्या क्लासचे नाव तर मुळीच लिहू नये.

८. माझ्या अंगावरचे सोने सूनबाईला. कवळी कोणालाही नको.

९. मी गेल्यावर बायका मला आंघोळ घालतील, केस विंचरतील. तिथपर्यंत कोणीही करावे. पण चेहऱ्याला हात पद्मजाने लावावा, दुसऱ्या कोणी नाही, मनकर्णानेही नाही. शिकत होतो तेव्हा सराव करायला गिऱ्हाईक कोण देणार? म्हणून दोघी एकमेकींच्या तोंडावर शिकलो. माझी उजवी भुवई जन्मतः थोडी वर आहे. ती डावीला कशी मिळवायची हे जगात तिला एकटीलाच ठाऊक आहे. तिला बोलवायला बन्सीने स्वतः जावे, फोन करू नये. ती येणार नाही असे होणार नाही. आली की या वेळी तिला चहा द्यावा.

वकीलसाहेब म्हणतात, ती तुमच्या आधी गेली तर या कलमाचे काय? तर हे कलम रद्द समजावे. मग तिच्या क्लासच्या सगळ्या पोरींना बाहेर काढून मी एकटी आत जाईन आणि तिच्या चेहऱ्याला हात मीच लावीन.

वरील मजकूर मला वाचून दाखवला, तो मी सांगितल्याप्रमाणेच आहे. पद्मजाला साक्षीदार घ्या असे वकीलसाहेब सुचवत होते. मी जिवंत असेपर्यंत तिने हे वाचायचे नाही, म्हणून घेतले नाही.

लिहून ठेवणार : आशाबाई नानासाहेब पठाडे (सही)

साक्षीदार :
१) चतुराबाई तात्यासाहेब दांडगे, शेजारीण (सही)
२) सांडू काकासाहेब ठोंबरे, किराणा दुकानदार (सही)

ठिकाण : चिकलठाणा, छत्रपती संभाजीनगर
दिनांक : २१ ऑक्टोबर २०२४