डावीकडचं आभाळ

बेलापूर, ता. श्रीरामपूर, जि. अहिल्यानगर (हात अजून नगरच लिहायला जातो)
रविवार, १ डिसेंबर २०२४

चि. बेंजामिन यास,

दादाचा सलाम. प्रभूच्या कृपेने आम्ही दोघं ठीक आहोत, तुम्हीही तिकडे पिंपरीत तसेच असाल असं धरून चालतो. थंडीने तुझ्या दयावहिनीचे गुडघे धरलेत. उसाच्या गाड्या सुरू झाल्यात, रस्त्यावर रोज कोंडी. बाकी नवलविशेष काही नाही.

नवल म्हणशील तर तुझं खोकं. गुरुवारी कुरिअरवाला ते ओट्यावर ठेवून गेला. पप्पांच्या मातीनंतर दोन वर्षं तू मला फोन केला नाहीस, मी तुला केला नाही, आणि एकदम रिमोटचं विमान? खरं सांगतो, एक दिवस मी ते उघडलंच नाही. माणूस उगाच कुणाला काही देत नाही. त्याला सही तरी हवी असते, नाहीतर माफी. आत एखादा कागद असेल म्हणून मी खोकं उलटं करून झटकलं. निघाली फक्त तुझी चिठ्ठी : "दादा, सकाळी वारा नसताना उडव. नुसतं ठेवून देऊ नकोस." मी ठेवून दिलं तर तुझं काय अडणार होतं, हे मला अजून कळलेलं नाही.

आपल्याकडे गहिनीनाथ म्हणून एक रिटायर्ड लाईनमन आहे. शेती महामंडळाच्या पडीक रानात तो असलीच विमानं उडवतो. त्याला दाखवलं. त्याने पंखाखाली दोन बोटं धरून तोल बघितला, आतली बॅटरी अर्धा इंच पुढं सरकवली आणि म्हणाला, "दादा, ज्यानं निवडलंय त्याला कळतंय बरं का." मग समजावत बसला. फोम असा की आपटला तरी तुटत नाही, दबतो. पंख दोन मीटरचे, टोकांना वर वळलेले, म्हणून कलंडलं तरी स्वतःच सावरतं. मोटर बंद केली की पुढची पाती मिटतात आणि घारीसारखं नुसतं तरंगतं. पोटाला भडक नारिंगी रंग, त्यावर काळे पट्टे. "आन् ह्ये बगा, रिमोटच्या दोनी दांड्या सोडून दिल्या तरी पडत न्हाई. नवशिक्याचं इमान हाय. म्हाताऱ्या मानसाला तर लई झ्याक."

म्हातारा! मी एकसष्ट वर्षांचा आहे, बेंजामिन. दवाखान्यातल्या लशीच्या खोक्याचा थर्माकोल कापून, उसाच्या तुऱ्याच्या काडीला पंख लावून पहिलं विमान तुला कुणी करून दिलं होतं? ते झाडात अडकलं तेव्हा भोकाड कुणी पसरलं होतं? आणि आता तू मला नवशिक्याचं विमान पाठवतोस. पाणी कुठंतरी मुरतंय.

तरी उडवलं. खोटं कशाला बोलू, हातातून सुटून ते वर गेलं, मोटर बंद केली आणि सगळं शांत झालं, तेव्हा छातीतलं काहीतरी सैल झालं. कारखान्यात तीस वर्षं फिटर होतो, एवढी शांतता कानाला माहीत नव्हती. पण तिसऱ्या फेरीला ते गायब झालं. म्हणजे होतं, आणि नव्हतं. थोड्या वेळाने आपलं समोर हजर. रिमोटमध्ये खोट असणार. वापरलेलं तर पाठवलं नाहीस ना?

दुसरी गोष्ट. शाळेच्या व्हॅनचा डावा आरसा कुणीतरी फोडला. माझा संशय कल्याणवर आहे. त्याचीही व्हॅन आहे, आणि माझ्या फेरीवर त्याचा कधीचा डोळा. नऊ वर्षं झाली, अकरा लेकरं नेतो-आणतो, कुणाला खरचटलं नाही. हां, झुंबरबाईच्या नातीला, त्या एंजलला, शिस्त म्हणून नाही, पण ते राहू दे.

दया हल्ली फोन आला की गच्चीवर जाते. गुडघे दुखत असताना! कुणाचा फोन, तर म्हणे मंडळातल्या बाईचा.

खोकं का पाठवलंस ते सरळ लिही.

तुझा भाऊ,
मोझेस

•

बेलापूर
रविवार, ५ जानेवारी २०२५

श्री. बेंजामिन,

सलाम. नाताळचं कार्ड पोचलं. नाताळच्या कार्डावर माणूस शुभेच्छा लिहितो. तू लिहिलंस : "दादा, विमान कोणत्या बाजूला गायब होतं?" बस, एवढंच. दोन पानी पत्राला सहा शब्दांचं उत्तर, तेही उलटा प्रश्न. पोलीसही आधी चहा विचारतात.

विचारलंसच तर ऐक. मी फिटर माणूस आहे, पुराव्याशिवाय बोलत नाही. वही घातली आहे. डिसेंबरभरात विमान सात वेळा गायब झालं. आधी वाटलं बॅटरी, ती बदलली. मग वाटलं रिमोट, तर गहिनीनाथने रिमोट माझ्या हातात ठेवून विमान शंभर पावलं लांब नेलं, शेपटी बरोबर हलत होती. मग वाटलं मोबाईलचा टॉवर. तो उत्तरेला आहे, आणि मी पूर्वेला तोंड करून उभा राहिलो की विमान उत्तरेलाच नाहीसं व्हायचं. म्हटलं सापडला चोर! म्हणून दुसऱ्या दिवशी मुद्दाम उत्तरेला तोंड केलं. तर पश्चिमेला गायब.

याचा अर्थ उघड आहे. जो कुणी हे करतो, तो माझ्याबरोबर जागा बदलतो. आणि गहिनीनाथ नेहमी माझ्या डाव्या हाताला उभा राहतो. त्याच्या गळ्यात त्याचा स्वतःचा रिमोट असतो. मी ओरडलो की साळसूदपणे म्हणतो, "तितंच हाय की, दादा. ह्ये काय नारिंगी प्वाट दिसतंय." आणि मला दिसायला लागल्यावर मान हलवतो. परवा तर म्हणाला, नाचता येईना अंगण वाकडं. तेव्हापासून मी त्याच्याकडचा चहा बंद केला आहे.

तेव्हा तुझ्या प्रश्नाचं उत्तर : डावीकडे. सातही वेळा डावीकडे. झालं समाधान?

आरसा पुन्हा फुटला. तोच, डावा. कल्याणला मी चारचौघांत विचारलं. तो म्हणाला, "मोझेसदादा, तुमच्या आरशाला हात लावून मला काय मिळनार?" चोराच्या मनात चांदणं.

आणि दयाने आता नवीन टुमणं लावलंय, डोळे दाखवा म्हणून. हे तिला कुणी शिकवलं ते न कळण्याइतका मी खुळा नाही. मी चष्म्याशिवाय सुईत दोरा ओवतो. परवाना नवा करताना डॉक्टरने भिंतीवरची अक्षरं वाचायला लावली, खालची बारीक ओळसुद्धा घडाघडा वाचली. पप्पांचं आंधळेपण माझ्या गळ्यात घालू नका. मातीच्या दिवशी स्मशानाच्या फाटकात, सगळ्या मंडळीसमोर, पप्पांचे डोळे दादाने घालवले असं तू म्हणालास, ते मी विसरलेलो नाही. विमान पाठवून ते पुसलं जाणार नाही.

मोझेस साळवे

•

बेलापूर
रविवार, २ फेब्रुवारी २०२५

बेन्या,

सलाम, बाळा. हे पत्र लिहायला तीन दिवस लागले. कागद मी जरा उजवीकडे सरकवून लिहितोय, तेव्हा ओळी वाकड्या दिसल्या तर हसू नकोस.

मागच्या शनिवारची गोष्ट. शाळेला सुट्टी होती, सकाळी रानात गेलो. गहिनीनाथ होताच. मी मुद्दाम त्याला दूर, उजव्या हाताला उभं केलं आणि त्याचा रिमोट बंद करून खाली ठेवायला लावला. म्हटलं आता बघू. विमान वर गेलं, वळलं आणि गेलं. डावीकडेच. मी रागाने दोन्ही दांड्या सोडून दिल्या. पडलं तर पडू दे, म्हटलं.

गहिनीनाथ जवळ आला. आवाज एकदम मऊ करून म्हणाला, "दादा, रागावू नका. मान हालवायची न्हाई. समोर त्या बाभळीकडं बगा. इमान दिसतंय?"

"नाही."

"आता मान डावीकडं करा."

मान वळवली. होतं, बेन्या. नारिंगी पोट, काळे पट्टे, तुझं विमान आपलं शांतपणे गोल फिरत होतं. मान सरळ केली, नाहीसं झालं. वळवली, आलं. असं मी चार वेळा केलं. आणि तुला सांगतो, तिथं काळोख नव्हता, भोक नव्हतं, धूसरही नव्हतं. तिथं आभाळ होतं. निळं, अखंड आभाळ. फक्त त्यात विमान नव्हतं.

विमान गहिनीनाथने उतरवलं. मी व्हॅनमध्ये जाऊन बसलो. किल्ली लावली आणि न फिरवताच परत काढली.

आता जे मी तुला दोन पत्रांत लिहिलं नाही ते लिहितो. आरसा कल्याणने फोडला नव्हता. शाळेच्या फाटकाच्या खांबाला मीच घासला, दोन्ही वेळा. पहिल्यांदा मला खरंच कळलं नाही. दुसऱ्यांदा कळलं होतं.

आणि नोव्हेंबरात, तुझं खोकं यायच्या दहा दिवस आधी, कॅनॉलच्या पुलाजवळ मी एंजलला उतरवलं. लेकरं डावीकडूनच उतरतात, तुला माहीत आहे. तिची पाण्याची बाटली घरंगळत व्हॅनच्या पुढं गेली आणि ती वाकली. मी बघितलं. शपथेवर सांगतो, मी डावीकडे बघितलं असं मला वाटलं. रस्ता मोकळा होता. मी गिअर टाकला. झुंबरबाई समोरून किंचाळत आली आणि तिने बॉनेटवर दोन्ही हात आपटले, तेव्हा थांबलो. लेकराचा हात बंपरला टेकला होता. दुसरीतली पोर.

त्यावर मी काय केलं असेल? खाली उतरलो आणि एंजलवर ओरडलो. म्हटलं, पळत पुढं येतेस, मरायचंय का? झुंबरबाईला ते खरं वाटलं. मोझेसदादा नऊ वर्षं गाडी चालवतो, तो कसा चुकेल? तिने पोरीच्या थोबाडीत दिली. पोर माझ्याकडे बघत राहिली, कारण ती पळाली नव्हती हे तिला माहीत होतं. आणि मलाही, मनातून. पुढचे दोन महिने मी रोज तिला त्याच व्हॅनमधून नेलं. हे लिहिताना माझी मलाच शिसारी येते.

त्या शनिवारी मी व्हॅन तिथंच सोडली आणि चालत कल्याणकडे गेलो. किल्ल्या त्याच्या हातात ठेवल्या. म्हटलं, सोमवारपासून लेकरं तू ने, आणि आरशाचं मी जे बोललो त्याबद्दल माफ कर. त्याने खुर्ची पुढं केली. मग झुंबरबाईकडे गेलो. तिच्यासमोर एंजलला सांगितलं की तू पळाली नव्हतीस, मलाच दिसलं नव्हतं.  झुंबरबाई पोरीला पोटाशी धरून रडायला लागली. एंजल मला म्हणाली, "मग तवा का वरडलात?" 

सोमवारी दया मला श्रीरामपूरला घेऊन गेली. काचबिंदू. दोन्ही डोळ्यांना, डावीकडे जास्त. समोरचं शेवटपर्यंत स्वच्छ दिसतं, म्हणून माणसाला पत्ता लागत नाही, असं डॉक्टर म्हणाले. गेलं ते परत येत नाही. आहे ते थेंब घालून टिकवायचं. त्यांनी विचारलं, घरात कुणाला होता का? पप्पांचं दयाने सांगितलं.

पप्पा म्हणायचे, "मोझेस, बाजूनं माणसं एकदम उगवतात रे." मी हसायचो. दोनदा म्हणाले, डॉक्टरकडे ने. मी म्हटलं, गळीत हंगाम संपू दे, आत्ता रजा मिळत नाही. हंगाम संपला, मी विसरलो. पुढच्या हंगामात ते भिंतीला धरून चालायला लागले. तू फाटकात खोटं बोलला नव्हतास.

परतताना बसमध्ये दयाने सगळं सांगितलं. गच्चीवरचा फोन तुझाच असायचा. झुंबरबाईकडून तिला बॉनेटचं कळलं, आरसे तर तिने बघितलेच होते. आणि हेही सांगितलं की तुझं स्वतःचं विमान टेकडीवर असंच नाहीसं व्हायचं, म्हणून तू डोळे दाखवलेस, आणि तुलाही हेच निघालं. मातीच्या दिवशी तो रिपोर्ट तुझ्या खिशात होता. "पप्पांचे डोळे वेळेवर दाखवले असते तर," एवढंच मी तुला बोलू दिलं, त्याचा अर्थ 'दादाने घालवले' असा लावला आणि तुझा दंड धरून तुला फाटकाबाहेर काढलं. पुढं तू "आता आपण तरी" असं काहीतरी म्हणत होतास. ते मी दोन वर्षं ऐकलंच नाही.

म्हणजे माझा संशय खराच होता. खोक्यात काहीतरी होतं. सांगितलं असतंस तर मी तुला पुन्हा हाकललं असतं, म्हणून तू विमान पाठवलंस. आणि ते निवडलंस असं की मला दिसेनासं झालं तरी पडू नये. गहिनीनाथ पहिल्याच दिवशी म्हणाला होता, ज्याने निवडलंय त्याला कळतंय. मी त्यात अपमान शोधत बसलो.

गहिनीनाथकडचा चहा पुन्हा सुरू केला आहे. विमान आता तो उडवतो, मी शेजारी उभा राहून मान फिरवत बघतो. थेंब सकाळ-संध्याकाळ दया घालते. तुझे तू चुकवू नकोस.

ईस्टरला ये. फाटकातून आत आलास की आधी हाक मार, आणि माझ्या उजव्या हाताला उभा राहा. डावीकडून आलास तर तू जवळ येऊन उभा असशील, आणि मी आपला रस्त्याकडे बघत म्हणेन, बेन्या अजून कसा आला नाही.

तुझी वाट बघणारा,
दादा