बेल कशानं वाळला

उदगीर

बाळ सुकन्या,

तू जहाजावर समुद्राचा ताप मोजतीस. गेल्या खेपेला म्हणालीस, "आप्पा, कोळशाच्या धुरानं हवा तापती अन् ती गरमी समुद्र पोटात घेतो." माझी वीटभट्टी कोळशाची. मी भडकलो, "समुद्र उन्हानं तापतो!"

तू घरी विसरलेली पाण्याची बाटली रामेश्वरच्या समुद्राची, म्हणून तीर्थ समजून मी ते पाणी कुंडीतल्या बेलाला घातलं. बेल वाळला. खारं पाणी मीच घातलं, हे मला ठाऊक हाय. पण तुझ्या आईला बोललो, "उन्हानं गेला." तिला लगेच पटलं.

तवापासून एकच सवाल डोक्यात फिरतोय. फोनवर बोलवंना, हे पत्रबी टाकवंना. त्या दिवशी भट्टीच्या धुराचं निघालं, तवाबी तुझ्यापुढं मी उन्हाचंच नाव का घेतलं असंल?

तुझा,
आप्पा