दुसरी किल्ली

सोमवार, ३ मार्च
आज पुन्हा फोन! उचलला की पलीकडे नुसता श्वास. समोर गिऱ्हाईक होतं, म्हणून 'हॅलो, हॅलो' करत हसलो. इतकी वर्षं कुलपं विकली, कधी कुणाला भ्यायलो नाही. नगरसेवक झालो आणि ही अवदसा मागे लागली!

कारण उघड आहे. वॉर्डातला दवाखाना पाडून जागा बिल्डरला द्यायची, असा ठराव पुढच्या सोमवारी सभेत येतोय. दोन्हीकडे मतं सारखी, सगळं माझ्या हातावर अडलंय. निवडणुकीत आम्ही — खरं तर हिनेच — दारोदार फिरून सांगितलं होतं, दवाखाना हलू देणार नाही.

मंगळवार
तो गॉगलवाला दुकानात आला. बिल्डरच्या गाडीत पुढे बसतो तो. सगळ्यात भारी कुलूप मागितलं. नेहमीसारखं मी ते काउंटरवर उघडून-लावून दाखवलं, दोन्ही किल्ल्या पुढे ठेवल्या. त्याने एकच उचलली. "दुसरी राहू द्या साहेब, तुम्हालाच लागेल." आणि हसला. मीही हसलो! का हसलो मी? किल्ली खिळ्याला अडकवून ठेवली आहे. तिच्याकडे बघवत नाही.

बुधवार
घराचं कुलूप बदललं. दाराला आतून नवी जाड कडी बसवली. ही म्हणाली, "खिडक्यांनाही लावा की. वाऱ्यालासुद्धा विचारून आत येऊ दे."

शुक्रवार, ७ मार्च
दुपारी जेवायला घरी आलो — दाराला बाहेरून कुलूप. गॉगलवाल्याला विकलेलंच! आणि ही आत.

कुणी आत घुसेल म्हणून मी दारं मजबूत करत बसलो, आणि त्यांनी बाहेरूनच कोंडलं. किल्ली दुकानात. चप्पल घालायचंही भान राहिलं नाही, तसाच पळत गेलो, पळत आलो. घाईत किल्ली लागेचना. आतून ही म्हणते, "अहो, सावकाश. मी कुठे पळून चाललेय?"

सगळं सांगितलं. मला वाटलं रडेल. ती भडकलीच. "भिऊन त्यांच्या बाजूने हात वर केलात तर या घरात पाऊल टाकायचं नाही!" मी म्हटलं, "बरं, बाईसाहेब." पण डोक्यात एकच — आत आग लागली असती तर?

रविवार
आज फोन नाही. त्याचीच जास्त भीती वाटते.

सोमवार, १० मार्च
दुकानात बसून लिहितोय. ठराव मंजूर झाला, एका मताने. माझ्या. सभागृहाबाहेर गॉगलवाल्याने वाकून नमस्कार केला.

तडक घरी गेलो. दाराला बाहेर कुलूप नव्हतं. जिवात जीव आला! दार ढकललं, तर आतून कडी.

"अगं, मी आहे."

"माहीत आहे," ती म्हणाली.