मी निवडलेली गादी

आई,

१. तू अंथरुणाला खिळलीस तेव्हा तुझी सावरीच्या कापसाची गादी, गुठळ्या झाल्यात म्हणून, मी काढायला लावली.
२. महाडच्या बाजारातून फोमची नवी आणली. निवड माझी. मी बारावीत होते.
३. दोन महिन्यांत ती कमरेखाली बसली.
४. तुझ्या माकडहाडाशी जखम झाली. ती भरली नाही, आणि त्यातच तू गेलीस.

आता मी फोमच्याच कारखान्यात तपासणीला आहे. तुकडा दाबून ठेवायचा, सोडायचा, पूर्वीच्या जाडीला कितपत परत येतो ते मोजायचं. मऊपणा वेगळा आणि घनता वेगळी, हे मला तिथे पहिल्याच आठवड्यात कळलं. मी आणलेली गादी बोटांना मऊ होती. आत माल कमी, हवा जास्त. चादर बदलताना तुझ्या कमरेखाली हात घातला की खालची फळी लागायची. टोचतं का, असं मी विचारलं. तू म्हणालीस, "बरी हाय गो. वाडीत कोणाकडं हाय अशी?" शेजारणी आल्या की त्यांनाही दाबून बघायला लावायचीस.

बाबा तेव्हापासून एकच सांगतात, की कूस बदलायला ते कमी पडले. शेतातून दर दोन तासांनी ते घरी येत होते. मी पाहिलंय. जखमेला एकच कारण नसतं, हेही मला माहीत आहे.

गेल्या आठवड्यात ते कुडपणच्या उतारावर घसरले, खुब्याचं हाड मोडलं. शनिवारी घरी येतील. बरेच दिवस पडून राहायचंय. दुकानात मी घनता विचारली, काथ्या रबरात बांधलाय का विचारलं, शिवण उघडून दाखवायला सांगितली. दुकानदार म्हणाला, "ताई, गादी घेताय का सून बघताय?" खाली काथ्या, वर चाळीस घनतेचा फोम, सुती खोळ, असं ठरवलं. ती टिकेल.

काल दवाखान्यात बाबांना हे सांगितलं. ते म्हणाले, "गादीचं काय घेऊन बसलीस? कूस बदलणारं माणूस लागतं. तिला मी पुरलो नाय."

फळी हाताला लागत होती, हे मी त्यांना आजवर सांगितलेलं नाही. सांगितलं तर त्यांच्यावरचा भार हलका होईल. पण तुला टोचत होतं आणि तू हसून लपवत होतीस, हेही कळेल. ते त्यांना सोसेल का, हे तूच सांगू शकतेस.

शुक्रवारपर्यंत कळव.