सुवर्णालंकार म्हणणारा पोलीस

कारापूर,
१४ नोव्हेंबर १९८८

तीर्थस्वरूप देवकीताईस,

धाकट्या सुमनचा पायांवर डोके ठेवून नमस्कार (गुडघा अजून सुजलेला असेल तर लांबूनच समज). मांद्र्याची खारी हवा तुझ्या दम्याला मानवते का? तुझ्या हर्षाच्या लग्नाच्या धावपळीत तू दुपारची पडतेस की नाही? इकडे सर्व क्षेम आहे असे लिहायची रीत आहे म्हणून लिहिते, पण क्षेम काही नाही. आईच्या पाटल्या गेल्या. म्हणजे चारांतल्या तुझ्या दोन नव्हे, माझ्या दोन. हे पहिल्याच परिच्छेदात सांगून टाकते, कारण तू पत्र मधूनच वाचायला घेतेस आणि मग उगाच घाबरतेस.

गेल्या महिन्यात मी डिचोलीला एका बारशाला निघाले होते. सकाळचे दहा वाजले होते. शिरगावच्या खाणीचे ट्रक एकामागून एक जात होते आणि माझे पांढरे लुगडे बसस्टँडपर्यंत पोचायच्या आतच लाल धुळीने गुलाबी झाले होते. तेवढ्यात मोटारसायकलवरून दोघे उतरले. सफारी सूट, पायांत चकचकीत बूट. त्यातला थोरला हात जोडून म्हणाला, "नमस्कार मातोश्री. आम्ही साध्या वेषातील पोलीस आहोत. पुढील वळणावर एका वृद्धेचे सुवर्णालंकार लुबाडण्यात आले आहेत. कृपया आपण आपले अलंकार उतरवून पिशवीत ठेवावेत."

ताई, तो 'सुवर्णालंकार' म्हणाला. 'सोने' म्हणाला असता तर मी शंका घेतली असती. तुला ठाऊकच आहे, घरात आपण कोंकणी बोललो, म्हापशाच्या कॉन्व्हेंटात इंग्रजी बोललो नाही तर सिस्टर बाकावर उभे करायच्या, आणि मराठी राहिली ती देवासाठी, पत्रांसाठी आणि मोठ्या माणसांसाठी. आपल्याकडे चोर मराठी बोलतच नाहीत, असे मला अठ्ठावन्न वर्षे वाटत आले. त्यात 'मातोश्री'. आमचे मास्तर गेल्यापासून मला कोणी कसलीच हाक मारलेली नाही. दूधवालासुद्धा नुसती घंटा वाजवतो.

पाटल्या निघेनात (माझे हात आता आईसारखे राहिले नाहीत, सांधे सुजले आहेत). तर तो धाकटा पोलीस धावत समोरच्या चहाच्या हॉटेलात गेला आणि वाटीत साबणाचे पाणी घेऊन आला. थोरल्याने माझी पिशवी धरली, छत्री धरली, आणि "सावकाश, मातोश्री, इजा होईल," म्हणत उभा राहिला. चांगली दहा मिनिटे. माझी पोटची पोरे असती तर त्यांनी एवढा धीर धरला असता की नाही, कोण जाणे. त्यानेच पाटल्या पुसल्या, वर्तमानपत्रात गुंडाळल्या आणि पिशवीच्या तळाशी ठेवल्या. मी त्याला आशीर्वाद दिला. हे मी ठाण्यात सांगितलेले नाही, फक्त तुला लिहिते.

बारशाच्या घरी पुडी सोडली तर आत ट्रकच्या चाकाचे दोन लोखंडी वॉशर.

त्यानंतर सगळ्या कारापूरने मला शहाणे करायला घेतले. कोपऱ्यावरच्या दुकानातला बाबली म्हणाला की पायांकडे बघायचे, खऱ्या पोलिसाचे बूट तुकतुकीत असतात (त्या चोराच्या बुटांत मी माझे तोंड पाहिले होते). शेजारची जानकी म्हणाली की ओळखपत्र मागायचे (ते त्याने न मागताच दाखवले होते, सिंहाची मुद्रा आणि सुबक अक्षर). तक्रार नोंदवायला गेले तेव्हा ठाण्याच्या साहेबांनी मात्र एकच नियम सांगितला: खरा पोलीस रस्त्यात कोणाला दागिने उतरवायला लावत नाही, आणि शंका आली तर काही हातात न देता सरळ ठाण्यात यायचे. तो मी पाठ केला. पण ताई, एकदा पोळलेले माणूस पाठ केलेले विसरते आणि पोळलेलेच लक्षात ठेवते. माझ्या मनाने एकच ठरवले, पुन्हा कोणावर म्हणून विश्वास ठेवायचा नाही.

परवाच्या मंगळवारी मी मासळी घेऊन येत होते, तर वाटेत एक माणूस आडवा आला. चुरगळलेला शर्ट, पायांत रबरी चपला, दाढी दोन दिवसांची. म्हणतो, "राव गो बाये मात्शी. तूं मास्तराची सुमनबाय न्हय? हांव पोलीस." तू आणि गो! आईलाही आपण 'तूं'च म्हणत होतो, ते मला त्या क्षणी आठवले नाही. मला वाटले, सरकारी माणूस असा आपल्या अंगणातल्यासारखा बोलेल काय? (गोव्याचे राज्य होऊन दीड वर्ष झाले, कोंकणी राजभाषा झाली, हे माझ्या कानांना अजून कोणी कळवलेले नाही.) ओळखपत्र मागितले तर फोटोत मिशी, तोंडावर नाही. मग त्याने खिशातून रुमाल काढला, सोडला आणि आईच्या पाटल्या माझ्या हातावर ठेवल्या. "पळे, ह्यो तुज्यो?"

ताई, त्या आपल्याच होत्या. रगड्यावर आपटून चेपलेली ती कड माझ्या अंगठ्याला लागली. आई वाटण करताना जो आवाज व्हायचा तोसुद्धा ऐकू आला. आणि तेवढ्यात तो म्हणाला, "घरांत असल्योच आनीक आसात? मेळोवन पळोवपाक जाय." झाले. घरातल्या आणून जुळवून बघायच्या म्हणे! माझ्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला: हा उरलेले सोने बाहेर काढायला लावणारा दुसरा चोर! मी मान ताठ केली आणि म्हटले, या माझ्या नव्हेत. तो म्हणाला, नीट बघ. मी म्हटले, बघितल्या. तो म्हणाला, तर मग तसे लिहून दे. त्याने इंग्रजीत दोन ओळी खरडल्या. त्यात तीन चुका होत्या. त्या मी सुधारल्या, एक स्वल्पविराम घातला, आणि सिस्टरांनी गिरवून घेतलेल्या वळणाने पूर्ण नावाची सही ठोकली. पाटल्या परत दिल्या तेव्हा हात जरा जड झाला, पण मला वाटले मासळीच्या पिशवीने झाला असेल.

घरी येताना बाबलीला फुशारकीने सगळे सांगितले. तो तराजू खाली ठेवून म्हणाला, "गो बाये, तो आमचो शिवदास! पेडण्याचो. धा वर्सां पोलिसांत आसा. चोराक आशीर्वाद दिलो आनी पोलिसाक फटयलो?" (आशीर्वादाचे त्याला कसे कळले? हॉटेलवाला बोलला असणार.)

तशीच ठाण्यात गेले. शिवदास त्याच चपला घालून बाकावर बसला होता. माझ्याकडे बघून रागावला नाही, नुसता म्हणाला, "जेवलें गो?" तेव्हा मला रडू आले. साहेब भले गृहस्थ आहेत. माझी जबानी त्यांनी दोनदा वाचली आणि सांगितले की इतके शुद्ध इंग्रजी या ठाण्यात आजवर आलेले नाही, म्हणून ते खोटे मानायला जड जाते. आता मी हो म्हटले तर आधी नाही का म्हटले, असे कोर्ट विचारणार. मी काय सांगू? की खरा माणूस आपल्यासारखा बोलला म्हणून मला खोटा वाटला?

कळवायचे ते कळवले, आता तुला रागवायचे तेवढे रागव. हर्षाला आशीर्वाद (माझ्या आशीर्वादाची सध्या काय किंमत आहे ते तू वाचलेसच, तरीही).

तुझी,
सुमन

ता. क. खरे काम लिहायचे राहिले. येत्या सोमवारी तुझ्या दोन पाटल्या घेऊन इकडे ये. चारी एकाच सोनाराने एकाच वेळी घडवल्या, नक्षी तीच, आतला ठसा तोच. जोड जुळली तर माझी जबानी मागे घेता येईल, असे साहेब म्हणतात. नाहीतर त्या बेवारस म्हणून कोर्टात जातील.

आणखी ता. क. वरचे लिहिताना मी काही ठाऊक नसल्याचा आव आणला. तुझ्या दोन पाटल्या तू हर्षाच्या हारासाठी मोडल्यास, हे पोरीने चतुर्थीलाच माझ्या गळ्यात पडून सांगितले होते. मी रागावले नाही (दोन दिवस रागावले होते). तरी ये. रिकाम्या हातांनी ये आणि साहेबांसमोर कोंकणीतच सांग. माझा शब्द तिथे आता चालत नाही, आणि आपल्या दोघींपैकी एकीने तरी त्या पाटल्यांना आपल्या म्हणायला हवे.