वाऱ्यावरचा माग

३ मार्च

फाडकन! उज्ज्वलाने पहिला दांडा सोडला आणि चहाचा कप फुटला. दांडा लांबच होता. दचकून माझाच हात लागला. पण बातमीदाराने इतक्या तपशिलात शिरू नये.

भाची उद्यानासाठी शिल्प करते आहे. कडोदऱ्याच्या कापड कारखान्यांच्या भंगारातून माग आणले, त्यांचे, धागा नेणारा टोकदार धोटा फेकणारे दांडे उभे केले. डुमसच्या किनाऱ्यावर वारा मोजायचं यंत्र. तिथे जसा वारा, तसे इथे मोटरी दांडे हाणतात. वारा पडला की दांडे गप्प. मी वेदातल्या वाऱ्याच्या देवांचं, 'मरुद्गण' नाव सुचवलं.

"मामा, म्हणताना लोकांची कवळी पडेल!"

९ मार्च

उद्यान समितीची माणसं आली. 'जरा हलकं, फुलपाखरासारखं करता येईल?' उज्ज्वला उसळली, "माझ्या दादांचा डोळा काय फुलपाखराने फोडला?"

तिच्या वडिलांचा — माझ्या मेहुण्याचा, लोटूचा — डोळा मागातून उडालेल्या धोट्यानेच गेला. वेदातले मरुत डोंगर फोडतात, असं मी गंभीरपणे सांगितलं. समितीने मान डोलावली. संस्कृत आयुष्यात दुसऱ्यांदा उपयोगी पडलं! (पहिल्यांदा लग्न जमवताना.)

१६ मार्च

लोटू अजून बघायला येत नाही. "जलमभर तेच देखं ना, पंडित!"

पोरीला तेवढंच लागून राहिलंय. आज तिने त्याच्या जुन्या मागाचा हत्था शिल्पाच्या कडेला वेल्ड केला — ओढला की माग थांबायचा, तो.

"याने हे थांबतं?"

"छे, नुसता शोभेला. दादांसाठी."

२३ मार्च

उद्घाटन. लोटू आला, पांढरा सदरा घालून, पहिल्या रांगेत!

दांडे असे तुटून पडले की लोक खुर्च्यांसकट मागे सरकले. जमीन हादरत होती. तेवढ्यात एक पट्टा तुटला, आवाज बदलला. लोटू उठला. दोरी ओलांडून सरळ हत्थ्याकडे. न बघता ओढला — कारखान्यात ओढायचा तसाच. काहीच थांबलं नाही. त्याने पुन्हा ओढला. दांडा उजव्या हातावर आला. त्या सगळ्या गदारोळात हाड मोडलेलं मला वेगळं ऐकू आलं. सदरा लाल. उज्ज्वला किंचाळत वीज तोडायला धावली.

२४ मार्च

लोटूची दोन बोटं काढली. बातमी मीच पाठवली — 'वारा अचानक वाढल्याने'.

२६ मार्च

दवाखान्याच्या जिन्यात उज्ज्वलाने माझी बाही धरली.

"डुमसला त्या दिवशी वाराच नव्हता, मामा. एकही दांडा हलेना. दादा पहिल्यांदा आलेले... मी मागच्या वादळाचे साठवलेले आकडे सोडले. त्यांना सांगू नका."

२७ मार्च

लोटूने डाव्या हाताने मला जवळ बोलावलं.

"एकच डोया शे, पंडित, पन दखास. त्या दिनले निंबनं पान बी हालत नव्हतं. — पोरले सांगू नको."