सुकाणूपाशी काढलेला फोटो

प्रिय आईस, लेकीचा दुरूनच वाकून नमस्कार.

नेटवरचा माझा फोटो ऑफिसने काढून टाकला, आणि पुढच्या बंदरात जहाजावर चढणार होत्या त्या दोन शिकाऊ मुलींनाही येऊ नका म्हणून कळवलं. आज सकाळी कॅप्टनसाहेबांनीच सांगितलं. कारण काय, तर वाद नको!

मी ठणठणीत आहे. जेवते, झोपते. तुझा गुडघा कसा आहे?

फोटो तू पाहिलासच. मी इंजिनवाली, पण ‘जहाजावर मुलींना संधी’ म्हणून मिरवायला ऑफिसच्या साहेबांनी मला कोरं हेल्मेट घालून सुकाणूपाशी उभं केलं. मी म्हटलं, “साहेब, माझं काम खाली आहे.” तर म्हणाले, “खाली तेलकट दिसतं. हस जरा.”

मग लोकांनी लिहिलं, “सुकाणू धरलंय की पाळण्याची दोरी? मुलगी म्हणून घेतली, दुसरं काय!” त्याला आपल्या मामाने अंगठा दिलाय. पाहिलंय मी. त्याला सांग, पंप बिघडला की तो मुलगा-मुलगी बघून बिघडत नाही.

चूक ऑफिसची, शिव्या मला आणि शिक्षा त्या पोरींना. संताप येतो गं.

परवा तेच साहेब पुन्हा जहाजावर येणार आहेत. पोरींचं मी त्यांच्याशीच बोलणार, तेही खाली इंजिनपाशी नेऊन. तू नेहमी म्हणतेस ना, “हळू बोल”? तिथे ओरडल्याशिवाय ऐकूच येत नाही.

तुझीच,
भांडकुदळ